एकच मॅच, एकच पोऱ्या, आठ आणि पाच: मार्क जुळत नसतील तर बिघाड कुठे शोधायचा

तक्रार दरवर्षी तीच, फक्त पोऱ्याचं नाव बदलतं.

दोन वर्षांपूर्वी सतरा वर्षांखालच्या फुटबॉल संघाची निवड होती. मे महिना, सकाळी साडेसहालाच शर्ट पाठीला चिकटलेला. आम्ही तिघं निवडायला, तिघांच्या हातात पॅड, मॅच संपली की प्रत्येक खेळाडूला दहापैकी मार्क. एका लेफ्ट हाफला (मधल्या फळीत डावीकडे खेळणाऱ्याला) पहिल्याने ८ दिले, दुसऱ्याने ६, तिसऱ्याने ५. बेरीज १९, सरासरी ६.३३. यादी ६.५ वर थांबली. संध्याकाळी त्याचे वडील आले. यावलकडचे केळीवाले, आवाज न चढवता बोलणारा माणूस. म्हणाले, "सर, एवढंच सांगा, आठवाला खरा का पाचवाला?"

मला सांगता आलं नाही. पाच माझेच होते.

पुढचे दोन सिझन मी या प्रश्नाच्या मागे लागलो. जे सापडलं ते खाली लिहितोय. भुसावळ असो की शिरपूर, एक मोबाइल, एक स्टँड आणि एक्सेल असलं की हे कुणालाही करता येतं.

बिघाड आहे हे ओळखायचं कसं

दोन जाणकारांच्या मार्कांत दोन-तीनाचा फरक हे सगळ्यांना दिसणारं लक्षण. न दिसणारी लक्षणं जास्त त्रासदायक आहेत. जिंकलेल्या संघातल्या अकराच्या अकरा जणांना साडेसहाच्या वर मार्क पडले असतील तर तुम्ही खेळाडू मोजलेच नाहीत, स्कोअर मोजलाय. फॉरवर्डचे मार्क ४ पासून ९ पर्यंत उड्या मारतात आणि स्टॉपरला (मागे मधोमध बचाव करणाऱ्याला) प्रत्येक मॅचला ६, तर स्टॉपरकडे कुणी बघतच नव्हतं. आणि शीटवर वेग, पासिंग, शिस्त, समज असे चार कॉलम असून चारही कॉलममध्ये एकाच पोऱ्याला ७-७-८-७ दिसत असेल, तर मार्क देणाऱ्याने मनात एकच मार्क दिला आणि चार ठिकाणी वाटून टाकला. हे दुखणं जुनं आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना दिलेले शेरे तपासले होते. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव या गोष्टी वेगवेगळ्या, पण शेरे संशय यावा इतके एकमेकांशी जुळणारे. एकदा माणूस आवडला की सगळंच आवडतं.

भांडायच्या आधी मोजा

आम्ही पहिली चूक केली ती इथे. दोघांनी एकाच मॅचच्या व्हिडिओतल्या २०० घटनांना अधिक (चांगलं), शून्य (अपेक्षेइतकं) किंवा उणे (वाईट) असा शेरा दिला. १४० ठिकाणी शेरा सारखा. म्हणजे ७० टक्के. खूश झालो, चहा मागवला.

पण फुटबॉलमध्ये बहुतेक घटना साध्या असतात. बॉल आला, शेजारच्याला दिला. शून्य. माझे २०० पैकी १५० शेरे शून्य होते, ३० अधिक, २० उणे. दुसऱ्याचेही १५० शून्य, २० अधिक, ३० उणे. आता समजा आम्ही दोघांनी व्हिडिओ न बघता डोळे मिटून याच प्रमाणात शेरे ठोकले असते, तर किती जुळले असते? शून्यावर ०.७५ गुणिले ०.७५, म्हणजे ०.५६२५. अधिकवर ०.१५ गुणिले ०.१०, उणेवर ०.१० गुणिले ०.१५. एकूण ०.५९२५. साधारण ५९ टक्के तर न बघताच जुळले असते! आमच्या ७० टक्क्यांतली खरी कमाई किती, तर ०.७० वजा ०.५९२५, भागिले १ वजा ०.५९२५. उत्तर ०.२६.

या आकड्याला कप्पा म्हणतात. जेकब कोहेन यांनी तो १९६० मध्ये मांडला. पूर्ण जुळलं तर १, नशिबाइतकंच जुळलं तर ०. लँडिस आणि कॉक यांनी १९७७ मध्ये त्याचा एक तक्ता दिला, त्यात ०.६१ च्या पुढे चांगलं धरतात आणि ०.२१ ते ०.४० म्हणजे जेमतेम. तक्त्याच्या रेषा त्यांनी आपल्या अंदाजाने ओढलेल्या आहेत, त्यामुळे ०.५९ आलं म्हणून रडू नका. पण ०.२६ वर पोरांची निवड करणं म्हणजे टॉस उडवून वर पॅड धरल्यासारखं.

शेरे तीनाऐवजी पाच पायऱ्यांचे असतील तर भारित कप्पा वापरा. नाहीतर 'अधिक दोन' आणि 'अधिक एक' यांच्यातला फरकही 'अधिक दोन' आणि 'उणे दोन' यांच्याइतकाच मोठा धरला जातो.

तुमचं तुमच्याशी तरी जुळतं का?

ही तपासणी कुणी करत नाही, कारण लाज वाटते. जुनं शीट लपवून ठेवा, तीन आठवडे जाऊ द्या, तोच व्हिडिओ पुन्हा बसून तपासा. दोन शीटांचा कप्पा काढा. माझा ०.५ च्या आसपास आला. म्हणजे मीच माझ्याशी धड जुळत नव्हतो, तर दुसऱ्याशी काय जुळणार. स्वतःशी जो आकडा येतो त्याच्यापेक्षा दुसऱ्याशी फार चांगला येईल ही अपेक्षा सोडा. आधी तो वाढवा.

माझ्या बाबतीत कारण साधं निघालं: रात्री अकरानंतर दिलेले शेरे कडक होते. पहिला हाफ जेवणाआधी, दुसरा हाफ जेवणानंतर, आणि दुसऱ्या हाफमध्ये सगळी पोरं अचानक वाईट खेळायला लागायची. आता एका बैठकीत एकच हाफ.

मॅच संपल्यावर मार्क द्यायचे नाहीत

इयन फ्रँक्स आणि गॅरी मिलर यांनी १९८६ मध्ये फुटबॉलच्या नवख्या प्रशिक्षकांना मॅच दाखवून नंतर त्यातल्या महत्त्वाच्या घटना विचारल्या. निम्म्याही बरोबर सांगता आल्या नाहीत. ही प्रशिक्षणाशी संबंधित माणसं होती, आपल्यासारखी कडेला उभं राहून पोरांना पाणी देणारी नव्हेत.

मग मी त्या लेफ्ट हाफचा व्हिडिओ काढला. क्लबच्या पोरांनी मोबाइलवर घेतलेला होता. त्याच्या ६४ घटना मोजल्या: ४७ शून्य, ११ अधिक, ६ उणे. त्या सहातली एक म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत मागे दिलेला तोकडा पास, समोरच्या फॉरवर्डने उचलला आणि गोल. बाकी त्रेसष्ट मी विसरलो होतो. माझे पाच मार्क त्या एका पासचे होते.

तेव्हा मार्क माणसाला नाही, घटनेला द्या. अमेरिकन फुटबॉलमध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर होतं. नील हॉर्न्सबी या इंग्रज माणसाने सुरू केलेली आणि पुढे २०१४ मध्ये जुने खेळाडू व समालोचक क्रिस कॉलिन्सवर्थ यांनी मोठा हिस्सा घेतलेली पीएफएफ (प्रो फुटबॉल फोकस) ही कंपनी प्रत्येक खेळाडूला प्रत्येक डावाला उणे २ ते अधिक २ असा शेरा देते, अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्यांनी. अपेक्षेइतकं केलं तर शून्य. मग ते सगळं मिळून ० ते १०० चा आकडा. एकाने दिलेला शेरा दुसरा तपासतो. टीका त्यांच्यावरही होते, पण त्यांना एक सोय आहे: तो खेळ थांबून थांबून चालतो. डाव सुरू झाला, संपला, शेरा दिला. आपला बॉल थांबत नाही. म्हणून 'घटना' कशाला म्हणायचं हे आधी लिहून काढावं लागतं. आमचा नियम: खेळाडूचा बॉलला पाय लागला किंवा लागायला हवा होता, की घटना सुरू. बॉल त्याच्याकडून गेला किंवा तो दुसऱ्या माणसाला सोडून वळला, की संपली. 'लागायला हवा होता' यावर पहिल्या महिन्यात रोज वाद व्हायचे, पण ते वाद कामाचे होते.

निकाल झाका

रोमां गोरिओ आणि लायोनेल पेज यांनी २०१९ मध्ये एक सुंदर तपासणी प्रसिद्ध केली. गोलपोस्टला लागलेले शॉट घेतले. काही पोस्टला लागून आत गेले, काही बाहेर. मारणाऱ्याच्या कौशल्यात फरक म्हणाल तर जवळपास नाही, बॉल दोन-चार इंच इकडे की तिकडे. तरी आत गेलेल्यांना मार्क जास्त. लुका पप्पालार्दो आणि सहकाऱ्यांनी इटलीच्या क्रीडा दैनिकांतले मार्क तपासले, त्यातही दिसलं की गोल, निकाल आणि संघाकडून असलेली अपेक्षा या थोड्या गोष्टींवरच मार्कांचा मोठा भाग उभा असतो. पेपरवाल्यांना हसू नका, आपण त्यांच्याहून वाईट आहोत.

यावर उपाय व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये आहे. पहिल्या फेरीत बॉल पायातून सुटला की थांबवा आणि फक्त निर्णयाला शेरा द्या: द्यायला हवा होता का, त्यालाच का, आत्ताच का. दुसऱ्या फेरीत एक-दीड सेकंद पुढे जाऊन मारलं कसं त्याला शेरा द्या: वेग, उंची, पायात आला की मागे. त्यापुढे बघायचं नाही. समोरच्याने बॉल घालवला की गोल केला, हे या पोऱ्याच्या शीटवर येता कामा नये. बघणाऱ्याला निकाल आधीच माहीत असेल तर हे अर्धंच जमतं. म्हणून आम्ही जळगावची मॅच भुसावळच्या माणसाकडे आणि भुसावळची धुळ्याच्या माणसाकडे पाठवतो. त्यातून एक जास्तीचा फायदा झाला: "आमना पोऱ्या शे, दोन मार्क जास्त दे ना भो" म्हणणारे मामा-काका एकदम कमी झाले. धुळ्याच्या माणसाचा नंबर त्यांच्याकडे नसतो.

त्याला काम काय दिलं होतं?

एवढं सगळं करूनही त्या लेफ्ट हाफच्या शीटवर एक गोष्ट खटकत राहिली. माझ्या पॅडवर त्या दिवशीचा शेरा होता, 'वर येत नाही'. व्हिडिओतही तो वर येत नव्हता. आठ देणाऱ्या सहकाऱ्याला शेवटी विचारलंच, तुला हे दिसलं नाही का? तो म्हणाला, "दिसलं ना. पण त्याला सरांनीच सांगितलं होतं, राइट बॅक वर जाईल तेव्हा तू अर्ध्या रेषेच्या पुढे जायचं नाही. मी बेंचजवळ उभा होतो, ऐकलं."

मी समोरच्या बाजूला लिंबाच्या सावलीत होतो. आमच्या मैदानाच्या कडेने मालगाडी गेली की रेफ्रीची शिट्टीही ऐकू येत नाही, कोचचं काय ऐकू येणार.

आठ आणि पाच यांच्यातला मोठा फरक नजरेचा नव्हता, उभं राहायच्या जागेचा होता. आम्ही दोघं एकच पोऱ्या बघत होतो, पण दोन वेगवेगळ्या कामांसाठी. त्याच्या वडिलांना नंतर ते शीट दाखवलं, हे पण सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पाचवाला चुकला." हो म्हणालो.

माझ्या मते मार्क न जुळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे आणि सगळ्यात कमी बोललं जातं. पीएफएफवरही तिथल्या प्रशिक्षकांची एक नेहमीची तक्रार हीच: बाहेर बसलेल्याला डाव काय ठरला होता ते माहीत नसतं, मग चूक कुणाची हे तो कसं ठरवणार? आपल्याकडे उपाय सोपा आहे, कारण आपला कोच हाताशी आहे. मॅचआधी त्याच्याकडून प्रत्येक खेळाडूसाठी एक ओळ लिहून घ्या. 'दहा नंबरला सोडायचं नाही.' 'कॉर्नरला मागे थांब.' चिठ्ठी पाकिटात, पाकीट व्हिडिओसोबत. मॅचनंतर लिहिलेली चिठ्ठी घ्यायची नाही. हरल्यावर प्रत्येक कोचने पोरांना सगळं बरोबरच सांगितलेलं असतं.

चिठ्ठी नसेल तर अशा घटनांना शेराच देऊ नका. प्रश्नचिन्ह टाका आणि गणनेतून बाहेर ठेवा. प्रश्नचिन्हं फार झाली तर ती मॅच त्या खेळाडूसाठी बाद.

पस्तीसला पास

दहापैकी मार्क या गोष्टीचा प्रत्येक देशात वेगळा अर्थ आहे. इटलीत शाळेत ६ म्हणजे पास, त्यामुळे तिथल्या पेपरांतही ६ म्हणजे ठीक खेळला. फ्रान्सचं लेकिप हे क्रीडा दैनिक पूर्ण १० इतके क्वचित देतं की दिले की तीच बातमी होते. जर्मनीच्या किकर या फुटबॉल नियतकालिकात उलटच, १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे गेला. हूस्कोअर्डसारखी संकेतस्थळं माणसाऐवजी सूत्राने मार्क काढतात, सुरुवात ६ पासून. आपण पस्तीसला पास होत वाढलो. आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांना ५ म्हणजे 'बरा आहे, सेकंड क्लास' वाटायचं. मला ५ म्हणजे 'घरी जा'. दोघांनी एकाच पोऱ्याविषयी एकच मत असताना वेगळे मार्क दिलेले मी पाहिलेत.

म्हणून आकड्यांऐवजी नमुने ठेवा. जिनिंगवर कापूस नेणाऱ्याला हे माहीत आहे. व्यापारी मुठीत कापूस घेऊन ओल किती, कवडी किती ते बोटांनी सांगायचा आणि आपण ऐकून घ्यायचो. ओलावा मोजायचं मीटर आलं तेव्हा ओलाव्यावरचं भांडण कमी झालं. कवडीवरचं चालूच आहे, कारण तिला मीटर नाही, नमुना समोर ठेवूनच बोलावं लागतं. फुटबॉलमधलं बरंचसं कवडीसारखं आहे. आम्ही बारा क्लिपा निवडल्या: चार अधिक, चार शून्य, चार उणे. प्रत्येक बैठकीआधी सगळ्यांनी त्या बघायच्याच. सगळ्यात जास्त डोकं शून्याच्या चार क्लिपांवर गेलं. चांगलं आणि वाईट सगळ्यांना कळतं, 'अपेक्षेइतकं' म्हणजे किती यावर वर्ष गेलं. शेवटी ठरलं: या वयाच्या, या जागी खेळणाऱ्या पोऱ्याने रोजच्या सरावात जे सहज करायला हवं ते शून्य. टीव्हीवरच्या माणसाशी तुलना केली की सगळ्या पोरांना उणेच मिळतात.

चिठ्ठी, झाकलेला निकाल आणि नमुने हे तिन्ही सुरू केल्यावर पुन्हा २०० घटना दोघांनी तपासल्या. १७२ जुळल्या, कप्पा ०.६९. एक चूक तुम्ही करू नका: आम्ही तिन्ही बदल एकाच महिन्यात केले, त्यामुळे कुठल्याने किती फरक पडला ते वेगळं काढता येत नाही. एकेक करून लावा, मधे मोजा.

जे करून काही झालं नाही

निवडकर्ते तीनाचे पाच केले. पाचही जण लिंबाखालीच उभे राहिले. सगळ्यांना एकच गोष्ट दिसत नसेल तर माणसं वाढवून ती दिसायला लागत नाही. सरासरीमुळे तर उलट नुकसान: ८, ६, ५ हे तीन आकडे ओरडून सांगत होते की काहीतरी गडबड आहे, आणि ६.३३ ने त्यांचं तोंड बंद केलं. आता सरासरीशेजारी सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा मार्क लिहितो. फरक दोनाच्या वर गेला की निर्णय थांबवायचा आणि त्या दोघांनी एकत्र बसून व्हिडिओ बघायचा. मार्क बदललाच पाहिजे असं नाही, कारण लिहिलं पाहिजे.

चर्चा करून मार्क ठरवणंही करून पाहिलं. खोलीत ज्याचं वय जास्त त्याचं मत जुळलं. आधी प्रत्येकाने स्वतंत्र लिहायचं, कागद उलटे ठेवायचे, मगच तोंड उघडायचं.

अजून अडलेलं: स्टॉपर आणि गोली (गोलकीपर)

स्टॉपरचं निम्मं काम बॉल नसताना होतं आणि मोबाइल धरलेला पोऱ्या बॉलच्या मागे धावतो. फ्रेममध्ये जे नाही त्याला शेरा देणार कसा? म्हणून मोबाइल हातात द्यायचाच नाही. उंचावर, अर्ध्या रेषेसमोर, झूम न करता, अख्खं मैदान दिसेल असा बांधून ठेवायचा. पोरं त्यात मुंगीएवढी दिसतात, पण कोण कुठे उभा आहे ते कळतं. स्टॉपरचे मार्क तेव्हापासून ६ वरून हलायला लागले.

गोलीचं मात्र अवघड आहे. लेफ्ट हाफच्या एका मॅचमध्ये ६४ घटना मिळतात, गोलीच्या कधी बारा, कधी नऊ. त्यातली एक घसरली की आकडा कोसळतो. दोन तपासणाऱ्यांचं जुळलं तरी तो आकडा त्या पोऱ्याविषयी फार काही सांगत नाही, त्या दुपारविषयी सांगतो. आम्ही गोलीला एका मॅचवर मार्क देणं बंद केलंय. पाच मॅच झाल्याशिवाय आकडा नाही. तोवर निवड समितीला क्लिपाच पाठवायच्या, चांगल्या-वाईट सगळ्या, वेळेच्या क्रमाने, निवडून नाही.

या मे महिन्यात तीन गोली आहेत, म्हणजे पंधरा मॅचचं चित्रीकरण. आमच्याकडे उंच स्टँड एकच आहे आणि त्याचाही एक पाय सुतळीने बांधलेला. कुणाच्या लग्नाच्या शूटिंगचा जुना स्टँड पडून असेल तर सांगा, नेऊ आणि सिझन संपला की परत आणून देऊ.